दुकान मागच्या दारापासून दुरुस्त करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. लालबागच्या एक ताई घरी केलेला मालवणी मसाला, गोडा मसाला, मेतकूट, थालीपीठाची भाजणी आणि कोकम आगळ विकतात. वर्डप्रेस ही साइट बनवायची प्रणाली आणि त्यावर दुकान चालवणारं वूकॉमर्स वापरून साइट त्यांनी स्वतःच उभी केली. ४ महिने झाले. दिवसाला ४०-५० जण येऊन जातात, महिन्याला ऑर्डरी मात्र ५-६, त्याही बहुतेक ओळखीच्यांच्या. आता थीम (साइटचं तयार रूप) बदलावी की जाहिराती सुरू कराव्यात, असं त्या विचारतात.

ताई, सध्या दोन्ही नको. साइट मागून पुढे दुरुस्त करत या. म्हणजे आधी पैसे भरण्याचं पान, मग डिलिव्हरीचा खर्च, मग एकेका मसाल्याचं पान, आणि सगळ्यात शेवटी होम पेज. सगळे याच्या उलट करतात, कारण होम पेज डोळ्यांसमोर असतं. पण पाइप मागे फुटलेला असेल तर पुढून पाणी वाढवून काय उपयोग? नवी थीम आणि जाहिराती म्हणजे पुढून पाणी वाढवणं.

सुरुवात अशी करा. १ रुपयाचं एक चाचणी उत्पादन बनवा. तुमचा रोजचा फोन आणि घरचं वायफाय वापरू नका. ८-१० हजारांचा, भरपूर ॲप भरलेला एखादा अँड्रॉइड फोन मागून घ्या, मोबाइल डेटा लावा, लॉगिन नसलेल्या विंडोत साइट उघडा आणि ऑर्डर पूर्ण करा. जिथे जिथे बोट थांबलं ते कागदावर लिहा. मग हाच फोन साइट कधी न पाहिलेल्या ३-४ जणांच्या हातात द्या, "मालवणी मसाला मागवून दाखवा" एवढंच सांगा आणि गप्प बसा. मदत करायची नाही. दिवसाला ४०-५० माणसांवर टक्केवारी काढून काही कळत नाही, त्यात काही बॉट, म्हणजे आपोआप फिरणारे प्रोग्राम, असतात आणि काही वेळा तुम्ही स्वतःच असता. शेजारी बसून पाहिलेली ४ माणसं जास्त सांगून जातात.

पैसे कापले गेले, ऑर्डर दिसत नाही

नव्या दुकानात सगळ्यात महाग पडणारा दोष हा. ग्राहक यूपीआय निवडतो, फोन त्याला यूपीआय ॲपमध्ये नेतो, पिन टाकून पैसे जातात. पण कमी मेमरीच्या फोनमध्ये तेवढ्यात मागचं ब्राउझर बंद पडलेलं असतं. पैसे मिळाल्याची खूण साइटला त्या परतीच्या पानावरूनच कळणार असेल, तर ऑर्डर 'पेंडिंग'च राहते. वूकॉमर्समध्ये स्टॉक राखून ठेवण्याची मुदत मुळात ६० मिनिटांची असते. ती उलटली की न भरलेली ऑर्डर आपोआप रद्द होते. ग्राहकाच्या खात्यातून ४८० रुपये गेलेले आणि ऑर्डर मात्र रद्द! तो माणूस पुन्हा येत नाही, शिवाय चार जणांना सांगतो.

उपाय सोपा आहे. पेमेंट गेटवे म्हणजे ग्राहकाचे ऑनलाइन पैसे तुमच्यापर्यंत पोहोचवणारी सेवा. तिच्या डॅशबोर्डमध्ये 'वेबहुक' नावाची सोय असते. पैसे जमा झाले की गेटवे स्वतः तुमच्या साइटला कळवतो, ग्राहकाचा फोन चालू असो वा बंद. गेटवेच्या प्लगइनच्या (वर्डप्रेसला जोडलेल्या जादा सोयीच्या) सेटिंगमध्ये दिलेला पत्ता तिथे चिकटवा, गुप्त शब्द दोन्हीकडे अगदी तोच ठेवा आणि मग मुद्दाम परीक्षा घ्या: १ रुपया भरा, यूपीआय ॲपमध्ये पैसे गेले की ब्राउझर हाताने बंद करा. दोन मिनिटांत ऑर्डर 'प्रोसेसिंग' झाली तर वेबहुक चालतो. ६० मिनिटांची मुदतही वाढवून १४४० करा. मसाल्याच्या दुकानात एक दिवस माल राखून ठेवल्याने बिघडत नाही.

कधी ग्राहकाचे पैसे कापले जातात पण तुमच्यापर्यंत येतच नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार दुकानदाराला केलेल्या यूपीआय व्यवहारात असे अडकलेले पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत परत जायला हवेत, त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई. हे वाक्य चेकआउटच्या, म्हणजे पैसे भरण्याच्या पानाच्या, खाली साध्या मराठीत लिहून ठेवा. घाबरलेल्या माणसाला त्या क्षणी तेवढाच आधार लागतो.

पानांच्या तयार प्रती साठवून साइट जलद करणारं कॅशिंग प्लगइन लावलं असेल तर कार्ट, चेकआउट आणि 'माझं खातं' ही तिन्ही पानं त्यातून वगळा. नाहीतर वस्तू टाकूनही पिशवी रिकामी दिसते, किंवा त्याहून वाईट म्हणजे एकाचा तपशील दुसऱ्याला दिसतो.

ऑर्डरचा मेल स्पॅममध्ये जातो आहे का तेही पाहा. वर्डप्रेस मुळात होस्टिंगच्या सर्व्हरवरून मेल सोडतं आणि जीमेलला तो संशयास्पद वाटतो. मेल रीतसर मेल-सेवेतून पाठवणारं एसएमटीपी प्लगइन लावून मेल तुमच्या डोमेनच्या (साइटच्या नावाच्या) पत्त्यावरून पाठवा आणि डोमेनच्या डीएनएस सेटिंगमध्ये एसपीएफ आणि डीकेआयएम या दोन नोंदी करा, मेल खरोखर तुमचाच आहे हे त्यांवरून पटतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडे यांपैकी एक तरी मागतंच.

पत्त्याचा फॉर्म आणि 'मुंबई १२'

चेकआउटवरच्या रकान्यांपैकी कंपनीचं नाव काढा, देश भारत असा पक्का करा, खातं उघडण्याची सक्ती काढून टाका. पत्त्याच्या रकान्यात 'स्ट्रीट ॲड्रेस' असं लिहिलेलं असेल तर ते बदलून 'खोली/फ्लॅट क्र., मजला, विंग, चाळ/सोसायटी' करा आणि दुसऱ्या ओळीत 'जवळची खूण' मागा. लालबाग-परळच्या चाळींत मजला आणि खोली नसेल तर डिलिव्हरीवाला खालूनच फोन करतो, आणि फोन उचलला नाही तर पार्सल परत. मोबाइल नंबर आणि पिनकोडच्या रकान्यात आकड्यांचा कीबोर्डच उघडला पाहिजे. रकान्यातली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान ठेवू नका, आयफोनवर तेवढ्याने पान आपोआप मोठं होतं आणि बटण बाजूला सरकतं.

इथे एक अडचण येते. नव्या वूकॉमर्स दुकानांत चेकआउट 'ब्लॉक' पद्धतीचं, म्हणजे तयार तुकडे जोडून बनलेलं, असतं आणि रकाने बदलणारी जुनी प्लगइनं त्यावर चालत नाहीत. प्लगइन लावूनही काहीच बदललं नाही तर कारण बहुधा हेच. ब्लॉक चेकआउटला चालणारं प्लगइन घ्या किंवा जुन्या शॉर्टकोडच्या (पानात एक छोटा कोड टाकून उभ्या केलेल्या) चेकआउटवर जा. दोन्ही चालतं.

आता पिनकोड. मुंबईची जुनी सवय म्हणजे पत्त्याखाली नुसतं 'मुंबई १२' लिहायचं. वयस्कर ग्राहक पिनच्या रकान्यातही '१२' टाकतात. साइटला ४०००१२ हवं असतं, ते मिळालं नाही की 'तुमच्या पत्त्यावर डिलिव्हरी उपलब्ध नाही' असं झळकतं. आणि माणूस मात्र तुमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहतो! रकान्यात '६ अंकी पिनकोड, उदा. ४०००१२' असं फिकट अक्षरांत दाखवा आणि ६ पेक्षा कमी अंक असतील तर तिथेच अडवा.

शिपिंग झोनचा, म्हणजे डिलिव्हरीचे दर ठरवणाऱ्या भागांचा, क्रमही तपासा. वूकॉमर्स झोन वरून खाली वाचतं आणि जो पहिला जुळेल त्यावर थांबतं. 'महाराष्ट्र' वर आणि 'मुंबई' खाली ठेवलंत तर मुंबईच्या ग्राहकाला कायम महाराष्ट्राचा दर लागतो. लहान झोन नेहमी वर. मुंबईसाठी '४००*' (४०० ने सुरू होणारे सगळे पिनकोड) लिहिलंत की त्यात ठाणे आणि नवी मुंबईही येतात, पण मीरा रोड, वसई, विरार ४०१ मध्ये आहेत, कल्याण-डोंबिवली ४२१ मध्ये आणि पनवेल ४१० मध्ये. बरेच जण ४००* वर थांबतात आणि डोंबिवलीच्या ग्राहकाला नागपूरचा दर दाखवतात. उलट ४१०* सरसकट टाकलंत तर लोणावळाही आत येतं, म्हणून पनवेलसाठी ४१०२०६ असा नेमका आकडा किंवा ठरावीक टप्पा द्या.

महाराष्ट्राबाहेर माल पाठवायचा असेल तर उलाढाल कितीही लहान असली तरी करपात्र मालासाठी जीएसटी नोंदणी लागते. ४० लाखांची सूट राज्याच्या आतल्या विक्रीपुरती आहे. नोंदणी नसेल तर तूर्त साइटवर विक्री महाराष्ट्रापुरतीच ठेवा आणि सीएंशी बोलून मगच पुढे जा.

खोका मोजा

डिलिव्हरीचा खर्च कुठून येतो हे नीट समजलं की अर्धी दुरुस्ती झाली. कुरियरवाले खरं वजन आणि आकारावरून काढलेलं वजन, यांत जे जास्त असेल त्याचे पैसे घेतात. आकाराचं वजन काढायला लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं. मसाल्याची २०० ग्रॅमची दोन पाकिटं ३० × २० × १५ च्या खोक्यात घातली की ९००० भागिले ५००० म्हणजे १.८ किलो. आत माल ४०० ग्रॅम आणि पैसे २ किलोचे. तीच दोन पाकिटं १८ × १२ × १० च्या खोक्यात ०.४३ किलो भरतात. खरं वजन खोक्यासकट ४६० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे अर्ध्या किलोच्या टप्प्यात बसलं. किराणा दुकानातून आणलेला फुकटचा मोठा खोका असा महाग पडतो. दोन-तीन मापांचे खोके ठरवून घ्या आणि प्रत्येक उत्पादनाचं पॅकिंगसकट वजन वूकॉमर्समध्ये भरा. तो रकाना रिकामा असेल तर वजनावर ठरणारे दर चुकतातच.

दर ग्राहकाला शेवटच्या पायरीवर कळायला नको. '२२० रुपये' बघून आलेला माणूस चेकआउटवर '३०५' बघतो आणि निघून जातो. ग्राहक मंत्रालयाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत असे किमती टप्प्याटप्प्याने उघड करण्याचे प्रकार फसवे मानले आहेत. उत्पादनाच्या पानावरच, किमतीच्या खाली एक ओळ द्या: 'मुंबई, ठाणे, नवी मुंबई ५० रुपये, उरलेला महाराष्ट्र ८० रुपये, ७०० च्या वर मोफत.' आकडे तुमचे घाला. मोफतची मर्यादा ठरवताना कागदावर हिशेब मांडा. समजा ऑर्डर ५०० ची, गेटवेचे २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून ११ रुपये ८० पैसे, खोका आणि टेप २० रुपये, कुरियर ७०. मसाल्यावर सुटणाऱ्या पैशांतून हे जाऊन काय उरतं ते पाहा. मर्यादा तुमच्या नेहमीच्या ऑर्डरपेक्षा थोडी वर ठेवा, म्हणजे माणूस मेतकुटाचं एक पाकीट जास्त घेऊन तिथे पोहोचतो.

कॅश ऑन डिलिव्हरी सरसकट सगळीकडे ठेवू नका. पार्सल नाकारलं गेलं की जाण्याचे आणि येण्याचे दोन्ही पैसे तुमच्या अंगावर. वूकॉमर्समध्ये ही सोय ठरावीक शिपिंग पद्धतींपुरती मर्यादित करता येते. आधी फक्त मुंबईच्या झोनमध्ये ठेवा आणि पार्सल सोडण्यापूर्वी व्हॉट्सॲपवर 'पाठवू ना?' एवढं विचारा. उत्तर नाही आलं तर थांबा.

आगळ वेगळ्याच काळजीने पाठवावं लागतं. त्यात आंबटपणा आणि मीठ दोन्ही असल्याने पत्र्याचं झाकण गंजतं. प्लास्टिकची बाटली, आतून सील, वर घट्ट झाकण, मग बाटली स्वतंत्र पिशवीत. मसाल्याच्या खोक्यात आगळ एकत्र घालू नका. एक थेंब गळला तरी सगळं पार्सल परत येतं. पावसाळ्याचे चार महिने भाजणी आणि मेतकुटाला बाहेरून दुसरी पिशवी हवीच. गणपतीत लालबाग-परळचे रस्ते बंद असतात, पिकअपची गाडी आत येत नाही. त्या दिवसांसाठी साइटवर खऱ्या तारखा लिहा: 'अमुक तारखेपर्यंतच्या ऑर्डरी गणपतीआधी निघतील, पुढच्या अनंत चतुर्दशीनंतर.'

मसाल्याचं पान

तुमच्यासारख्या बहुतेक साइटवर वर्णन असं असतं: 'उत्कृष्ट दर्जाच्या घटकांपासून पारंपरिक पद्धतीने बनवलेला अस्सल मालवणी मसाला.' यातून विकत घेणाऱ्याला काहीच कळत नाही. दुकानात समोर आलेली बाई काय विचारते ते आठवा. किती तिखट आहे? मिरची कुठली? कांदा-लसूण आहे का? एवढ्या पाकिटात किती दिवस जातील? तेच लिहा:

'ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटपणाला. धणे, खसखस, दगडफूल, जायपत्री धरून सगळे जिन्नस भाजून डंकावर कांडलेले. कांदा-लसूण नाही. तिखटपणा मध्यम ते जास्त. अर्धा किलो मटणाला अडीच चमचे. २०० ग्रॅम पाकीट, आठवड्यातून दोनदा रस्सा करणाऱ्या घरात सहा-सात आठवडे पुरतं. कोरड्या चमच्याने काढा.'

तुमच्या मसाल्याप्रमाणे जिन्नस आणि प्रमाण बदलून घ्या, पण इतक्या खोलात जाऊन लिहा.

याच पानावर एक मोठी संधी हुकते आहे. तुम्ही लालबागला राहता. मिरची गल्लीत चैत्र-वैशाखात काय गर्दी असते ते तुम्ही रोज बघता. लोक वर्षाचा मसाला किलोने करून घेतात. आणि साइटवर फक्त १०० आणि २०० ग्रॅमची पाकिटं! १ किलो आणि २ किलोचे पर्याय टाका, 'मार्च ते मे ऑर्डरनंतर कांडून ८ दिवसांत' असं स्पष्ट लिहा. एका २ किलोच्या ऑर्डरीत कुरियरचा खर्च दहा लहान ऑर्डरींपेक्षा कितीतरी हलका पडतो.

कायद्याने लागणारा मजकूरही इथेच. २०१८ पासून ऑनलाइन विक्रीत निव्वळ वजन, सर्व करांसह एमआरपी, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि ग्राहकांसाठी संपर्क हे साइटवरही दिसावं लागतं. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा संस्थेचा १४ अंकी क्रमांक लेबलवर आणि साइटच्या तळाशी द्या. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रार घेणाऱ्या व्यक्तीचं नाव आणि संपर्क हवा, ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण हवं. घरगुती दुकानात ती व्यक्ती तुम्हीच. नाव लिहायला संकोच करू नका, अनोळखी ग्राहकाचा विश्वास त्यानेच बसतो.

फोटोसाठी कॅमेरा नको. सकाळी खिडकीजवळ पांढऱ्या ताटलीत मसाला ओता, फ्लॅश बंद. एक फोटो पाकिटाचा, एक मसाल्याचा जवळून, एक हातात धरलेला म्हणजे आकार कळेल, एक मागच्या लेबलचा, वाचता येईल असा. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० × ३००० आणि ३-५ एमबीचा असतो. तो तसाच चढवू नका. १२०० × १२०० चौकोनी कापा आणि वेबपी स्वरूपात १०० केबीच्या आसपास आणा. स्क्वूश नावाची फुकट साइट ब्राउझरमध्येच हे करते.

मग पेजस्पीड इनसाइट्स या वेग मोजणाऱ्या साइटवर उत्पादनाचं पान तपासा, होम पेज नाही. मोबाइलच्या टॅबमध्ये सगळ्यात मोठा भाग दिसायला २.५ सेकंदांच्या आत वेळ लागावा आणि पान हलण्याचा आकडा ०.१ च्या खाली असावा. पहिल्या फोटोवर 'लेझी लोड' (गरज पडेल तेव्हाच फोटो उतरवणं) लागलं असेल तर तो फोटोच उशिरा येतो, तिथे ते बंद ठेवा. फॉन्टमध्येही वजन असतं. देवनागरी फॉन्ट जड असतात, म्हणून एकच कुटुंब आणि दोन जाड्या पुरेत. मुंबईच्याच 'एक टाइप' या संस्थेने केलेला 'मुक्ता' फॉन्ट लहान आकारातही छान वाचता येतो. ओळींमधलं अंतर १.६ पट ठेवा, नाहीतर वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांना लागतात.

होम पेज आणि बाकीचं

इथे फार वेळ घालवू नका. फिरणारा बॅनर काढा. पहिल्याच स्क्रीनवर काय विकता, कुठे पोहोचवता, किती दिवसांत, आणि सर्वाधिक खपणारी चार उत्पादनं.

पानाच्या पत्त्यात रोमन अक्षरं वापरा. देवनागरी पत्ता व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक रांग दिसते आणि लोकांना ती फसवी लिंक वाटते. शीर्षकात मात्र 'मालवणी मसाला' देवनागरी आणि रोमन दोन्हीत लिहा, शोधणारे दोन्ही तऱ्हांनी टाइप करतात. डोमेन आणि होस्टिंगचं खातं तुमच्याच ईमेलवर आहे ना, हे आजच पाहा. दुसऱ्या कुणी काढून दिलं असेल आणि नूतनीकरण त्याच्या हातात असेल, तर दुकानाची किल्ली त्याच्याकडे आहे.

ओळखीचे लोक व्हॉट्सॲपवर मागवत असतील तर त्यांना साइटवर ढकलू नका. वूकॉमर्समध्ये त्यांच्या नावाने ऑर्डर तुम्हीच तयार करा आणि पैसे भरण्याची लिंक पाठवा. स्टॉक आणि हिशेब एका जागी राहतो.

जाहिरातींचं गणित आता. समजा क्लिकला ५ रुपये पडले आणि ५० जणांमागे एक ऑर्डर आली, तर एका ऑर्डरीला २५० रुपये. ५०० च्या ऑर्डरीत तुम्हाला तेवढे उरतात का? सध्याच्या साइटवर १०० मागेही एक येईल असं दिसत नाही. वरची दुरुस्ती झाल्यावर हेच गणित पुन्हा मांडा.

तोवर पैसे लावायचेच असतील तर लेबलवर लावा. पाकिटावर मॅट कागदाचा, २ सेंटीमीटरपेक्षा मोठा क्यूआर कोड छापा. चकचकीत कागदावर दिव्याची तिरीप पडली की कोड वाचला जात नाही. कोडचा पत्ता होम पेजचा नको. वूकॉमर्समध्ये पत्त्याच्या शेवटी '?add-to-cart=' आणि उत्पादनाचा क्रमांक जोडला की तेच पाकीट थेट पिशवीत पडतं. मसाला संपत येतो तेव्हा पाकीट हातातच असतं आणि बहुतेक वेळा फोनही ओट्यावरच असतो.